सत्तरीतही हात शिकतो

कर्जत, नेरळ, खोपोलीच्या वस्त्यांत रक्तदाब मोजायला बसलो की साठी उलटलेल्या बाया आम्हाला सांगतात, "सिस्टर, गोळ्या घेते, पण जीव कशात लागत नाही." मालक वारलेले, मुलं लोकलने नाहीतर कंपनीच्या पाळीवर गेलेली. दिवस खायला उठतो. या दुखण्याला नुसती गोळी पुरत नाही. म्हणून या वेळी दोन माणसांची गोष्ट सांगतो.

जिव्या सोमा म्हसे हे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली आदिवासी. जन्म 1934 चा. सात वर्षांचे असताना आई गेली आणि पोराचं बोलणंच थांबलं. कितीतरी वर्षं ते मातीत बोटाने चित्रं काढून मनातलं सांगत. वारल्यांत लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा तो सवाष्ण बायकांनी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी. म्हसे पुरुष असून चित्र काढू लागले, तेही लग्नाची वाट न बघता. 1970 नंतर कलावंत भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांत आले, कागद-रंग मिळाले. तेव्हा म्हसे चाळिशीकडे आले होते. 1976 ला राष्ट्रीय पुरस्कार, 2011 ला पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत ते शिकले नव्हते.

कोणी म्हणेल, चाळिशी म्हणजे काय म्हातारपण? तर मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधइया बाई बैगा बघा. शाळेचं तोंड पाहिलं नाही. नवरा गेल्यावर मजुरी करून पोरं वाढवली. लोढा गावात आशिष स्वामी यांच्या चित्रशाळेत त्यांनी पहिल्यांदा ब्रश धरला, तेव्हा वय सत्तरीच्या आसपास! 2023 मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली.

पुरस्कार सगळ्यांना मिळत नाहीत, तो मुद्दाही नाही. हात कामात रमला की डोक्यातलं चक्र थोडं थांबतं, बोलता न येणारं दुःख बाहेर पडायला वाट मिळते. आपल्या आयांचे हात रिकामे कधीच नव्हते. भातलावणी केली, विटा वाहिल्या, गोधड्या शिवल्या. त्याच हातांना आता स्वतःसाठी काही करू द्या. चित्र, गोधडी, गाणं, काहीही चालेल. "या वयात हे काय?" असं घरातल्या कोणी म्हणू नये.

आधी डोळे तपासून घ्या. चाळिशीचा चष्मा नसेल तर रेघ दिसत नाही आणि डोकं दुखतं. मोतीबिंदू असेल तर तोही कळेल. चुन्याने रंगवताना डोळ्यांत उडू देऊ नका. उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धूत राहा आणि दवाखाना गाठा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. चित्र काही त्यांच्या जागी येत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, रडू येतं, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर "म्हातारपणाचं आहे" म्हणून सोडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. जगणं नको असं कोणी बोलत असेल तर त्याला एकटं न सोडता लगेच न्या. टेलिमानस 14416 हा सरकारी फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

नातवंडाच्या वहीतलं एक कोरं पान आज आजीपुढे ठेवा. पुढच्या तपासणीला याल तेव्हा तिने काय काढलं ते आम्हाला दाखवा.