पस्तीस फुटांवरचं विमान

सुरुवात करण्याआधी एकदा मागे वळून पाहा. मागच्या भिंतीशी दोऱ्याने दोन काळी लाकडी विमानं टांगली आहेत. पहिल्या रांगेपासून ती बरोबर पस्तीस फुटांवर आहेत, दुपारी टेप लावून मोजलंय. दोघांनाही एकच इंजिन, दोघांनाही लांबट काचेची खोली, आणि दोघांचीही चाकं उडताना पोटात न जाता खालीच राहणारी. त्यातलं एक आपल्या बाजूचं, एक शत्रूचं. समजा हा १९४२ सालचा ब्रह्मदेश आहे, तुमच्यापुढे मशिनगन आहे आणि ठरवायला तीन-चार सेकंद आहेत. आज लाकूडकामाबद्दल बोलायचं आहे, पण ते याच तीन-चार सेकंदांसाठी केलेलं लाकूडकाम आहे.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. ब्रिटनने युद्ध पुकारलं ३ सप्टेंबर १९३९ला. ६ तारखेला ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन पाडली आणि एक तरुण वैमानिक गेला. शत्रू त्या दिवशी आकाशात नव्हताच. अशा चुका सगळ्याच सैन्यांकडून झाल्या, म्हणून विमान ओळखणं हा शिकवायचा विषय झाला. चित्रं होती, फोटो होते. पण चित्र एकाच बाजूने दिसतं. विमान वळतं, कलतं, डोक्यावरून जातं. हातात धरून फिरवता येईल अशी वस्तू हवी होती.

मग १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडे पाच लाख मॉडेलं मागितली. शाळांकडे नकाशे गेले, मुलांनी सुताराच्या वर्गात लाकूड कोरलं, शिक्षकांनी तपासलं. प्रमाण ठरलं एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांचा एक इंच. सहा फुटी माणूस एक इंचाचा. आता आपले पस्तीस फूट बहात्तरने गुणा: २५२० फूट, साधारण ७७० मीटर. वर्गाच्या एका टोकाला मॉडेल धरलं की दुसऱ्या टोकाच्या सैनिकाला ते पाऊण किलोमीटरवरच्या खऱ्या विमानासारखं दिसायचं. आणि रंग काळा. कारण आकाशाच्या उजेडापुढे विमानाचे रंग दिसतच नाहीत, दिसते ती फक्त कडा.

आम्ही नारायण पेठेतली चार-पाच माणसं रविवारी सकाळी एका जुन्या वाड्याच्या ओसरीत ही काळी मॉडेलं करतो. पेठेच्या टोकाचा लाकडी पूल आता नावापुरताच लाकडी उरलाय, त्यामुळे लाकडाचं काहीतरी इथे चालू असावं, असं आम्ही चहा पिताना म्हणतो. आमच्यातले निम्मे हात गणपतीची थर्माकोलची मखरं कापून तयार झालेले. थर्माकोल बंद झालं, हात मोकळे झाले. पण थर्माकोल चुकीला माफ करतं, तुकडा चिकटवून टाकता येतो. लाकडाचं तसं नाही.

लाकूड आम्ही शिवणीचं घेतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तुकडे मिळतात. वजनाला हलकं, तंतू बऱ्यापैकी सरळ, पटाशीखाली फार भांडत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांना चालणारा पांगारा त्याहून मऊ, पण पंखाची पातळ कड त्यावर टिकत नाही. साग या कामाला आम्हाला नकोच वाटतो.

मागच्या दोन विमानांतलं एक आहे लायसँडर. हे आपल्या जवळचं का, ते सांगतो. १९४१ मध्ये मुंबईच्या वॉर गिफ्ट्स फंडाने भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला बारा लायसँडर दिली. खरं तर हे टेहळणीचं, संथ विमान. १९४२च्या फेब्रुवारीत स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टांगूला पोचलं आणि स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार याच विमानाला बॉम्ब लावून सयामच्या हद्दीतल्या जपानी तळावर हल्ला करून आले. वर्गणीतून घेतलेलं विमान! ते खालच्या आपल्याच तोफखान्याने ओळखलं नसतं तर?

आणि ओळखायला अवघड का, तर समोर जपान्यांचं की-५१ होतं. तेही एका इंजिनाचं, दोन माणसांचं, चाकांवर पत्र्याचे बूट घातलेलं. फरक पंखात. की-५१चा पंख धडाच्या खालच्या अंगाला, लायसँडरचा काचेच्या खोलीच्या माथ्यावर, खालून तिरक्या दांड्यांनी तोललेला. आणि लायसँडरच्या पंखाचा आकार भलताच: धडापाशी अरुंद, दांडा जिथे टेकतो तिथे सर्वांत रुंद, मग टोकाकडे पुन्हा निमुळता.

आता कृती. खऱ्या लायसँडरच्या पंखांचा पसारा ५० फूट, म्हणजे मॉडेलमध्ये सव्वाआठ इंचांहून जेमतेम जास्त. लांबी साडेतीस फूट, म्हणजे पाच इंच. ठोकळा गुण्याला लावून चौकोनी करायचा. एका बाजूवर विमान बाजूने दिसतं तसं उतरवायचं, माथ्यावर वरून दिसतं तसं. आधी बाजूच्या रेषेने करवत चालवायची. पण घोळ असा की वरचं चित्र ज्या तुकड्यावर होतं तोच कापून निघतो. म्हणून निघालेले तुकडे फेकायचे नाहीत. चिकटपट्टीने परत जागेवर लावायचे, ठोकळा पुन्हा चौकोनी करायचा आणि मग वरच्या रेषेने कापायचा. पट्टी सोडली की आतून ओबडधोबड विमान निघतं. नवख्या माणसाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो.

पुढचं काम सावकाश. चार कडांच्या आठ करायच्या, आठाच्या सोळा, मग कानस आणि शेवटी पॉलिशपेपर. मध्यरेषा पेन्सिलीने काढलेली असते ती घासताना पुसते. प्रत्येक वेळी पुन्हा काढायची, कंटाळा करायचा नाही. धडाचा छेद ठिकठिकाणी वेगळा, म्हणून पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवतो. साचा लावून खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड आला की तिथे अजून लाकूड काढायचं किंवा, वाईट म्हणजे, जास्त काढलं गेलंय.

आमचं पहिलं लायसँडर फुकट गेलं ते मात्र धडामुळे नाही. पंखाचा तो मधला फुगवटा आम्हाला डोळ्याला खटकत होता. कोणी मुद्दाम केलं नाही, पण घासता घासता चार रविवारांत तो सरळ झाला. मॉडेल सुबक दिसत होतं. नकाशावर ठेवलं तेव्हा कळलं की ते लायसँडर नव्हतंच. हात नेहमी नेटकेपणाकडे ओढतो आणि विमानाची ओळख नेमकी त्याच्या बेढब जागी असते. १९४२ साली असं मॉडेल वर्गात गेलं असतं तर एका चुकीच्या विमानाची ओळख शंभर सैनिकांच्या डोळ्यांत बसली असती. आजकाल हौशी मंडळी रिव्हेट मोजतात. मोजोत. पण पस्तीस फुटांवरून रिव्हेट दिसत नाही, पंखाची कड दिसते.

पंख धडाला जोडताना डिंक कमी आणि सांधा जास्त, हे आमचं सूत्र. याचं मोठं उदाहरण मॉस्किटो. ते खरं विमानच लाकडी होतं: बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांत बाल्सा, धड दोन अर्ध्या सालींसारखं घडवून मधोमध जोडलेलं. आपल्या लोहगावच्या तळावरही युद्धकाळात ती होती. १९४४च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेशाच्या बाजूला काही मॉस्किटोंचे पंख हवेतच निकामी झाले आणि त्यांची उड्डाणं थांबवावी लागली. काहींनी आपल्या दमट हवेला दोष दिला. तपासात सांधेच नीट न बसवल्याचं, फटी डिंकाने भरल्याचंही पुढे आलं. पुण्याच्या पावसाळ्यात आमचेही पंख सुटतात, पण आमच्याकडे ते टेबलावर पडतात.

बस, प्रश्नांकडे वळू. ज्यांना करून पाहायचंय त्यांनी पहिलं मॉडेल लायसँडरचं घेऊ नये. हरिकेन घ्या, एक धड, दोन पंख, भानगडी कमी. पटाशी स्वतःची आणा, धार आम्ही लावून देतो. आणि मागच्या दोनांपैकी आपलं कोणतं, डावीकडचं की उजवीकडचं? पुढच्या रांगेतल्यांनी जागेवरूनच सांगायचं, उठून जवळ जायचं नाही.