वाण मिळालं सुरकुत्यांच्या क्रीमचं!

मैत्रिणींनो, गेल्या संक्रांतीला आमच्या बचत गटाचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. मंचरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बारा-चौदा जणी जमल्या होत्या. तिळगूळ झाला, उखाणे झाले. वाण लुटायची वेळ आली, तेव्हा गटातल्या एकीनं पिशवीतून छोट्या छोट्या ट्यूब काढल्या. "दरवर्षी काय तेच डबे आणि वाट्या! यंदा डोळ्यांजवळच्या सुरकुत्यांचं क्रीम आणलंय सगळ्यांना," ती म्हणाली. एकच हशा पिकला. पण खोटं कशाला बोलू, ट्यूब हातात आल्याबरोबर प्रत्येकीचं बोट नकळत डोळ्याच्या कडेला गेलं.

"हे लावायचं कधी गं? सकाळी का रात्री?" कुणीतरी विचारलं. ट्यूबवर काय लिहिलंय ते बघायला मी ती डोळ्यांजवळ नेली. दिसेना. मग लांब धरली. हात संपला तरी अक्षर लागेना. शेजारणीला दिली. तिनं ती उजेडाकडे केली, डोळे बारीक केले आणि गुपचूप पुढच्या बाईकडे सरकवली. अशी ती ट्यूब गोल फिरून परत माझ्याकडे आली. शेवटी लेकीला हाक मारली. तिनं एका दमात सगळं वाचलं आणि म्हणाली, "आई, याची तारीख तर दिवाळीतच संपलीय!"

त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. पण रात्री झाकपाक करताना मनात आलं, डोळ्यांभोवतीच्या रेघा मिटवायला आम्ही सगळ्या तयार होतो, आणि डोळ्यांना दिसत नाही हे मात्र एकीनंही बोलून दाखवलं नाही. मीसुद्धा नाही.

सुरकुत्या इथंच का पडतात?

आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ त्वचा पापण्यांची. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथे तेलग्रंथी कमी, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते. शिवाय तिला विसावा नाही. डोळ्याभोवती एक गोल स्नायू असतो. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो, हसतो, रडतो, उन्हात डोळे बारीक करतो. दर वेळी हा स्नायू आवळतो आणि वरची त्वचा चुरगळते. नव्या लुगड्याची घडी हातानं सारखी केली की मोडते, पण तीच घडी वर्षानुवर्षं पडत राहिली तर तिथे रेघ कायमची बसते. तसंच हे.

त्वचेला ताण देणारे आणि परत जागेवर आणणारे कोलाजेन आणि इलास्टिन नावाचे धागे असतात. वयाप्रमाणे ते कमी होतात. पाळी गेल्यावर तर हा वेग वाढतो. पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळजवळ तीस टक्के कोलाजेन कमी होतं, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे "अचानक म्हातारी दिसायला लागले" असं पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका म्हणतात, त्यात तथ्य आहे.

पण वयापेक्षाही मोठा वाटा उन्हाचा. उन्हातले अतिनील किरण हे धागे तोडतात. ढग असले तरी ते येतात आणि त्यातले काही काचेतूनही आत येतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. त्यानं २८ वर्षं ट्रक चालवला होता. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीचं ऊन त्याच्या डाव्या गालावर. फोटोत त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू बरीच तुकतुकीत आणि डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, लोंबलेली. माणूस एक, वय एक, फरक फक्त उन्हाचा!

आपल्याकडचं ऊन

आता आपल्याकडे बघा. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, सासर आंबेगावचं. दोन्हीकडे बाईचा दिवस उन्हातच जातो. कांद्याची लागवड, काढणी, काटणी. टोमॅटोची बांधणी आणि तोडा, मग नारायणगावच्या बाजाराला माल जायचा म्हणून झाडाखाली बसून प्रतवारी. द्राक्षाच्या मांडवाखाली मण्यांची विरळणी करायची तर मान वर आणि नजरही वर, पानांच्या फटीतून येणारं ऊन थेट डोळ्यांत. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या, डिंभे-भीमाशंकरकडच्या बाया भातलावणीला चिखलात उभ्या असतात, तेव्हा वरून उजेड आणि खालून पाण्याची तिरीप. हिरडा गोळा करतानाही नजर सारखी झाडावर.

घरी आलं की धूर. गॅस बहुतेक घरी आला, पण अंघोळीच्या पाण्याची चूल कुठे सुटली? धूर लागला की डोळे चोळायचे आणि चोळलं की नाजूक त्वचा ओढली जायची. काही जणी मिश्री लावतात. त्यातल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती तर वेगळीच.

अक्कांची गोष्ट

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. साठीच्या आहेत. कांदा निवडायला त्यांच्यासारखं कुणी नाही, असं सगळं गाव म्हणायचं. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पाटीत सडका कांदा निघायला लागला. अक्का डोळे इतके बारीक करायच्या की चेहऱ्याची पार घडी व्हायची. आम्ही चेष्टा करायचो, "अक्का, डोळे उघडा की, किती सुरकुत्या पडल्यात!" त्या म्हणायच्या, "ऊन लागतंय गं." आम्हीही म्हणायचो, ऊन आहे खरं. पुढे त्या संध्याकाळी बाहेर पडेनाशा झाल्या, लग्नकार्य टाळायला लागल्या. आम्हाला वाटलं, वय झालं, हट्टी झाल्यात.

मग एका शिबिरात मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि एक तर चांगलाच पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय केलंत?" अक्का म्हणाल्या, "कांदा चालू होता." मला मान वर करवेना. सामाजिक काम म्हणून मी गावभर फिरते, आणि घरातली बाई चाचपडत चालतेय हे मला कळलं नव्हतं. तिच्या सुरकुत्या मला दिसल्या, त्यामागचे डोळे दिसले नाहीत.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी अक्का आरशासमोर उभ्या राहिल्या आणि ओरडल्याच, "अगं बया! हे कधी झालं? एवढ्या सुरकुत्या?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुलाही आल्यात गं!" त्या दिवशी सुरकुत्यांवरून चेष्टा करायची पाळी त्यांची होती.

मग काळजी घ्यायची कशी?

सुरकुत्या म्हणजे काही आजार नाही, पण काळजी जरूर घ्यावी. तीही खिशाला परवडेल अशी.

पहिली गोष्ट सावलीची. शेतात पदर किंवा स्कार्फ बांधतोच आपण, त्यावर रुंद काठाची टोपी घाला. पदरानं डोकं झाकतं, पण डोळ्यांवर सावली पडते ती काठाची. लोक हसतील, दोन दिवस हसतील. जमेल तेव्हा उन्हातलं काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर उरका.

दुसरी गोष्ट गॉगलची. गॉगल म्हणजे नखरा नव्हे. पण घेताना 'यूव्ही ४००' असं लिहिलेला बघून, चांगल्या दुकानातून घ्या. नुसत्या काळ्या काचेनं बाहुली मोठी होते आणि काचेत संरक्षण नसेल तर अतिनील किरण उलट जास्त आत जाऊ शकतात. उन्हाचा संबंध मोतीबिंदूशीही आहे, म्हणून गॉगल त्वचा आणि डोळे दोन्ही राखतो.

तिसरं, सनस्क्रीन. परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्यापुढचं घ्या. झिंक ऑक्साइड असलेलं डोळ्यांजवळ सहसा कमी झोंबतं. घामानं ते निघून जातं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. परवडत नसेल तर खंत नको, टोपी आणि कापड ही पहिली ढाल.

चौथं, रात्री चेहरा साध्या पाण्यानं धुऊन, ओलसर असतानाच अगदी थोडं पेट्रोलियम जेली किंवा साधं मॉइश्चरायझर लावा. करंगळीशेजारच्या बोटानं हलकेच टेकवा, चोळू नका. यानं रेघा पुसल्या जात नाहीत, पण कोरडेपणा जातो आणि बारीक रेघा कमी दिसतात. काकडीच्या चकत्या आणि थंड पाण्याच्या घड्या डोळ्यांची सूज उतरवतात, बरं वाटतं, इतकंच त्यांचं काम.

रेटिनॉलच्या क्रीमनं सुरकुत्या थोड्या कमी होतात याला आधार आहे. पण ते जळजळतं, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं तर ते वापरूच नये. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

हे मात्र करू नका

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांतलं काहीही डोळ्यांजवळ लावू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. डोळ्यांत मध, दूध, गुलाबपाणी घालू नका. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवायची पद्धत आपल्याकडे आहे, हिरडाही आपल्याच डोंगरातला. पण घरी गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं, डोळ्यांत संसर्ग होऊ शकतो. वैद्यांना विचारल्याशिवाय असला प्रयोग नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'आठ दिवसांत गोरं' करणारी क्रीम. आठवडे बाजारात, ओळखीच्या बाईकडून, पुडीत, डबीत मिळतात. अशा कितीतरी क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे त्वचा आणखी पातळ होते, लाल होते. डोळ्यांजवळ महिनोन्‌महिने लावलं तर डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

चाळिशी लागली म्हणा की!

आपल्या भाषेनं किती छान शब्द दिलाय! चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. हे सगळ्यांनाच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चष्म्याविना आपण डोळे आवळतो, कपाळाला आठ्या घालतो, डोकं दुखतं आणि रेघा आणखी खोल होतात. सुई ओवता येत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, गोळीच्या पाकिटावरची तारीख कळत नाही. बचत गटाच्या वहीत कुठे सही करतोय ते न बघता सही करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ते तर सुरकुत्यांपेक्षा कितीतरी महाग पडू शकतं.

२०१८ साली आसाममधल्या चहामळ्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीपुढच्या मजुरांना, त्यात बहुतेक बायकाच होत्या, जवळचा साधा चष्मा दिला. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानांची तोडणी सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. कांदा निवडणाऱ्या, टोमॅटोची प्रत लावणाऱ्या आपल्या बायांचं काम याहून वेगळं कुठे आहे?

तपासणीची सोयही आपल्याकडे आहे. नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. ते ज्यांनी उभं केलं, त्या डॉ. मनोहर डोळे यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. आडनाव डोळे आणि आयुष्यभराचं काम डोळ्यांचं! मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव-जुन्नरची ग्रामीण रुग्णालयं आहेत. तिथे नेत्रतपासणी कोणत्या वारी असते, ते आशाताईंना विचारून घ्या. चाळिशीनंतर निदान दोन वर्षांतून एकदा डोळे तपासा. साखर असेल तर दर वर्षी. अचानक धूसर दिसलं, डोळा दुखून लाल झाला, दिव्याभोवती वलयं दिसली, एक पापणी एकाएकी खाली आली, किंवा पांढऱ्या भागावरून मांसाचा पापुद्रा बुबुळाकडे सरकताना दिसला, तर कामाचं कारण सांगू नका. कांदा काय, दर वर्षी चालूच असतो.

माझ्यापुरतं सांगते. संक्रांतीनंतर आठवड्याभरात मी चष्मा केला. पहिल्या दिवशी सुई एका झटक्यात ओवली आणि उगाचच चार बटणं लावून टाकली. आरशात रेघा पहिल्यापेक्षा जास्त दिसतात, हे खरं. पण त्यातल्या निम्म्या हसून पडल्यात, त्या राहू देत.

आमच्या गटानं पुढच्या संक्रांतीचं वाण आत्ताच ठरवलंय. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका बाईला डोळे तपासायला घेऊन जायचं. मग ती सासू असो, जाऊ असो, नाहीतर घरी कामाला येणारी मावशी. चष्म्याला पैसे कमी पडले तर गटातून घालायचे. तुमच्याकडे अशी एखादी डोळे बारीक करून बघणारी अक्का आहे का? तिच्या सुरकुत्यांची चेष्टा करण्याआधी तिला फक्त एवढं विचारा, "अक्का, नीट दिसतंय ना?"