हार्मोन आहे किती, आणि त्याचं ऐकतंय कोण?

ओव्हेरियन सिस्टवरचे पेपर वाचायला घेतलेत की दोन प्रकारचे आकडे सतत भेटतात: सिस्टच्या द्रवातली स्टेरॉइडची पातळी आणि सिस्टच्या भिंतीतले रिसेप्टर. प्रपोजलमध्ये बरेच जण दोन्ही एकाच वाक्यात उरकतात. पण प्रश्न दोन आहेत. पातळी सांगते हार्मोन किती आहे. त्याचं ऐकणारं कुणी आहे का, हे रिसेप्टर सांगतो.

आधी पातळी बघू. निरोगी फॉलिकलमध्ये कामाची वाटणी असते. एलएच आलं की थीका पेशी अँड्रोजन बनवतात. एफएसएचच्या प्रभावाखाली ग्रॅन्युलोसा पेशी अ‍ॅरोमाटेज वापरून त्याचं एस्ट्राडायॉल करतात. म्हणून ओव्ह्युलेशनच्या आधी फॉलिकलच्या द्रवात एस्ट्राडायॉल रक्ताच्या हजारपटीच्या घरात असू शकतं. फॉलिकल न फुटता वाढतच गेलं की फॉलिक्युलर सिस्ट होते. तिच्या ग्रॅन्युलोसा पेशी काम करत असतील तर द्रवात एस्ट्राडायॉल भरपूर सापडतं. सिरस सिस्टअ‍ॅडिनोमाला हे अस्तरच नसतं, त्यामुळे तिथे ते सहसा कमी.

याने फरक काय पडतो? फंक्शनल सिस्ट बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. गरज नसताना ऑपरेशन झालं तर सोबत निरोगी अंडाशयाचा भागही जाऊ शकतो, आणि गेलेली बीजांडं परत येत नाहीत.

आता चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओमा घ्या. इथे एस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फा कमी, बीटा खूप जास्त आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर कमी असतो. म्हणजे रक्तात प्रोजेस्टेरॉन व्यवस्थित असलं तरी या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. यालाच प्रोजेस्टेरॉन रेझिस्टन्स म्हणतात. नुसती पातळी मोजून हे कळलंच नसतं. आणि हो, बीटा रिसेप्टर 1996 मध्ये जगासमोर आला. त्याआधीच्या पेपरांत नुसतं 'ईआर' असतं. तिथे अल्फा-बीटा असा भेद शोधू नका.

तुम्ही यावर काम करणार असाल तर आधी एवढं पक्कं करा:

1. सिस्टचा प्रकार हिस्टोपॅथॉलॉजीने ठरलेला हवा, फक्त सोनोग्राफीने नाही.
2. पाळीचा दिवस आणि चालू असलेल्या हार्मोनच्या गोळ्या नोंदवा. दोन्हींमुळे पातळीही बदलते आणि रिसेप्टरही.
3. एलिसा किट बहुधा सीरमसाठी तपासलेलं असतं. सिस्टचा द्रव वेगवेगळ्या प्रमाणात डायल्यूट करून बघा. गुणाकार केल्यावर उत्तर तेच यायला हवं.
4. एमआरएनए दिसला म्हणजे प्रोटीन आहेच असं नाही. आणि पूर्ण तुकडा वाटून वेस्टर्न ब्लॉट केला तर अस्तर आणि स्ट्रोमा एकत्र होतात. रिसेप्टर नेमका कोणत्या पेशीत आहे, ते आयएचसी दाखवते.

शेवटचं. 'पातळी जास्त, म्हणून सिस्ट हार्मोनमुळे वाढली' असं लिहायचा मोह होईल. थांबा. ते हार्मोन कदाचित सिस्टनेच बनवलेलं असेल.