नर्सबाईचे शिक्षण

दवाखान्यात डॉक्टर घडीभर दिसतात. नर्सबाई मात्र रात्रंदिवस रोग्याजवळ असते. ताप ती मोजते. सलाईन ती लावते. औषधाची वेळ ती सांभाळते. हे सारे तिला कोण शिकवते? किती वर्षे शिकवते? आपल्या लेकीला हे शिक्षण द्यायचे तर आधी काय पाहावे? या पाठात आम्ही तेच सांगणार आहोत.

समजा, काटोलकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी बारावी पास झाली. ती म्हणते, "बाबा, मला नर्स व्हायचंय." नागपुरात सदर भागातल्या एका लहान नर्सिंग कॉलेजात जागा आहे, असे तिला कळते. सदर म्हणजे नागपूर स्टेशनाजवळची जुनी वस्ती. मंगळवारी बाजार तिथलाच. मेयो रुग्णालयही तिथून फार दूर नाही.

पण आई म्हणते, "लोकांची घाण काढायला चार वर्षं कशाला शिकायची?"

आईचा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

स्वच्छता हे हलके काम नव्हे. १८५४ साली इंग्रजांची रशियाशी लढाई चालू होती. तुर्कस्थानातल्या इस्पितळात इंग्रज शिपाई जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त मरत होते. तेथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही बाई ३८ नर्सेस घेऊन गेली. वॉर्ड स्वच्छ झाले. पुढच्या वर्षी गटारे साफ झाली, हवा खेळू लागली. मरणारांची संख्या खूप घटली. १८६० साली तिच्या नावाने लंडनला नर्सेसची शाळा निघाली.

आपल्या सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण तर घरचेच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. लोक रोग्याजवळ जायला भीत. सावित्रीबाई रोग्यांना आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात पोचवत. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि त्या वारल्या. रोग्याची सेवा करणारे हात हलके कसे म्हणावे?

पण नुसती माया पुरत नाही. ज्ञान लागते. एक उदाहरण पाहा.

एक बाई बाळंत झाली. बाळ रडले. घरच्यांनी पेढे वाटले. बाई निपचित पडून आहे. सासू म्हणते, "दमली आहे, निजू द्या." शिकलेली नर्स मात्र तिची नाडी पाहते. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० पडते. हिची १२० पडते आहे. नर्स पोटावर हात ठेवून गर्भाशय चाचपते. बाळंतपणानंतर ते घट्ट लागायला हवे. हिचे मऊ लागते. म्हणजे रक्त जात असणार. रक्त जाऊ लागले की नाडी आधी धावते, रक्तदाब पुष्कळदा मागाहून उतरतो. हे ठाऊक असल्यामुळे रक्तदाब ठीक दिसला तरी नर्स थांबत नाही. ती गर्भाशय चोळून घट्ट करू लागते आणि डॉक्टरांना तातडीने बोलावते. तेवढ्याने एका लेकराची आई वाचू शकते.

हे शिकायलाच चार वर्षे लागतात. या पदवीला बी. एस्सी. नर्सिंग म्हणतात. भारतात नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्लीला आणि वेल्लोरला सुरू झाली. आज या शिक्षणाच्या आठ सहामाही असतात. आधी शरीर कसे बनले, कसे चालते, जंतू कसे पसरतात, आहार कसा असावा, हे शिकवतात. पुढे औषधे, बालकांचे आजार, मनाचे आजार, बाळंतपण आणि गावचे आरोग्य हे विषय येतात. सुई टोचणे आधी पुतळ्यावर शिकतात. मग वॉर्डात शिक्षिकेच्या देखरेखीखाली काम करतात.

पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय व इंग्रजी लागते. राज्याची प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. विज्ञान घेतले नसेल तर वाट बंद होत नाही. जी. एन. एम. हा तीन वर्षांचा आणि ए. एन. एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवी आणि जी. एन. एम. मुलांनाही करता येते.

आता सदरच्या त्या लहान कॉलेजाकडे वळू. लहान कॉलेज वाईट असते असे नाही. मुली थोड्या असल्या की शिक्षिका प्रत्येकीला नावाने ओळखते. चूक तिथल्या तिथे सुधारते. पण पैसे भरण्याआधी बापाने, आईने आणि मुलीने चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट मान्यतेची. कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेले हवे. नर्सिंगच्या परिषदांची मान्यता हवी. पाटीवर विसंबू नका. याद्या मोबाईलवर पाहता येतात. गावच्या मास्तरांना सोबत घ्या. पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. मान्यता नसली तर नोंद होत नाही, आणि पैसा व वर्षे दोन्ही वाया जातात.

दुसरी गोष्ट रुग्णालयाची. मुली कोठल्या रुग्णालयात काम शिकतात? तेथे रोगी खरोखर असतात का? बाळंतपणे होतात का? रिकाम्या खाटांवर नर्सिंग शिकता येत नाही. पुढच्या वर्गातल्या मुलींना विचारा. त्या खरे सांगतील.

तिसरी गोष्ट पैशांची. फी, वसतिगृह, जेवण, गणवेश, पुस्तके, परीक्षा, असा चारही वर्षांचा हिशेब कागदावर मागा. प्रत्येक रुपयाची पावती घ्या. दलालाच्या हाती पैसे देऊ नका. शेत गहाण टाकण्याआधी शिष्यवृत्तीची चौकशी करा. तिचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात.

चौथी गोष्ट राहण्याची. शिकताना रात्रपाळीही करावी लागते. तेव्हा मुलीला वसतिगृहातून रुग्णालयात कोण पोचवते, तिथे जबाबदार बाई कोण असते, हे स्पष्ट विचारा. असे विचारण्यात संकोच कसला? रात्रपाळी ही बदनामीची गोष्ट नाही. आपला माणूस रात्री अत्यवस्थ असतो, तेव्हा कुणाची तरी लेक त्याच्याजवळ जागी असते.

तीच कामे उद्या आपली लेक करील. तिला अडवू नका. पण घाईने कुठेही घालू नका. चौकशी करा आणि मग खुशाल पाठवा.