गिअरच्या सायकलचा मागचा डिरेलर तुटला? पूर्ण सेट बदलण्याआधी 'या' गोष्टी तपासा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. हिंजवडी फेज तीनकडून माणच्या रस्त्याला लागलो होतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि सायकल उजव्या अंगावर पडली. मला फारसं लागलं नाही. सायकल उचलली, चेन फिरतेय हे पाहिलं आणि निघालो. पुढच्या चढावर सर्वात हलका गिअर टाकला, मागून कडकड आवाज आला आणि चाक जागीच अडकलं. मागचा डिरेलर चाकाच्या आऱ्यांत घुसून तुटला होता.

जवळच्या एका दुकानात विचारलं. उत्तर आलं, "पूर्ण गिअर सेट बदलावा लागेल, साडेचार हजार." सायकल ११ हजारांची. शेवटी माझं काम दीड हजाराच्या आत झालं, तेही नव्या भागांसह. फरक पडला तो काय तुटलंय आणि काय नाही, हे नीट पाहिल्यामुळे.

शनिवार-रविवारी घोटावडे, मुळशीकडे जाणाऱ्या हौशी सायकलस्वारांना साडेचार हजार एक वेळ परवडतील. पण पहाटेच्या शिफ्टला मारुंजी, माण, वाकडकडून आयटी पार्कात सायकलने येणारे सुरक्षारक्षक आणि हाउसकीपिंगचे कर्मचारीही आहेत. सेकंडहँड घेतलेल्या २१ गिअरच्या सायकलसाठी एवढा खर्च म्हणजे सायकलच सोडून देण्याची वेळ. म्हणून दुकानात जाण्याआधी हे वाचा.

डिरेलर नेमकं काय करतो?

मागच्या चाकाजवळ खाली लोंबणारा, दोन छोट्या पुली असलेला भाग म्हणजे मागचा डिरेलर. त्याची कामं दोन. एक, चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणं. दोन, चेन सैल पडली की ती ताणून धरणं. दुसरं काम पुलींचा पिंजरा आणि त्यातली स्प्रिंग करते.

गिअर किती सरकायचा हे मात्र डिरेलर ठरवत नाही. ते हँडलवरचा शिफ्टर ठरवतो. 'टक' असा आवाज येतो तेव्हा शिफ्टर ठरावीक लांबीची केबल ओढतो आणि डिरेलर त्या प्रमाणात सरकतो. शिमानोने १९८४ मध्ये ही 'टक-टक' पद्धत आपल्या ड्युरा-एस या रेसिंग श्रेणीत आणली. पुढे ती स्वस्त सायकलींपर्यंत पोहोचली. सोय झाली, पण शिफ्टर आणि डिरेलर एकमेकांशी जुळणं गरजेचं झालं.

आधी हँगर का बघायचा?

डिरेलर ज्या छोट्या धातूच्या पट्टीवर बसतो तिला हँगर म्हणतात. अॅल्युमिनियमच्या बहुतेक सायकलींत तो फ्रेमला स्क्रूने लावलेला वेगळा भाग असतो आणि मुद्दाम नरम ठेवलेला असतो. सायकल पडली की आधी तो वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी, हा हेतू. घरातल्या फ्यूजसारखंच.

माझी चूक इथेच झाली. पडल्यावर हँगर आत वाकला होता. त्यामुळे डिरेलर आऱ्यांच्या जवळ गेला आणि हलका गिअर टाकताच आत ओढला गेला. वाकलेल्या हँगरवर कितीही महागडा डिरेलर लावला तरी तोच प्रकार पुन्हा होणार.

तपासणी सोपी आहे. सायकलच्या मागे बसून पाहा. मागचं दातेरी चक्र आणि डिरेलरच्या दोन्ही पुली एकाच सरळ उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. खालची पुली आऱ्यांकडे झुकलेली दिसली तर हँगर वाकला आहे. चांगल्या दुकानात हँगर सरळ आहे का ते मोजण्याचा गेज असतो, त्यावर खात्री करून घ्या.

अॅल्युमिनियमचा हँगर थोडा वाकला असेल तर एखाद्या वेळी सरळ करता येतो. पुन्हापुन्हा वाकवला तर तुटतो, त्यामुळे बदललेला बरा. मात्र हँगरचे आकार शेकडो आहेत. जुना हँगर काढून सोबत न्या, बाजूला ठेवून भोकं जुळवून पाहा. स्टीलच्या फ्रेमला हँगर बहुधा फ्रेमचाच भाग असतो. तो सरळ करता येतो, पण हे काम जाणकार मेकॅनिकच्या हातून.

काही स्वस्त सायकलींना हँगरच नसतो. तिथे डिरेलरला जोडलेली एक पट्टी चाकाच्या नटाखाली आवळलेली असते. नवा डिरेलर घेताना 'पट्टीवाला हवा की थेट बोल्टचा' हे आधी सांगा. शिमानोचा टूर्नी टीवाय३०० दोन्ही प्रकारांत येतो. चुकीचा आणला तर बसणारच नाही.

मागे चक्रं किती?

सायकलवर '२१ गिअर' लिहिलेलं असेल तर पुढे ३ आणि मागे ७ चक्रं. '२४' असेल तर मागे ८. महत्त्वाचा आकडा मागचा.

इथे एक दिलासा आहे. शिमानोच्या ६, ७ आणि ८ चक्रांच्या माउंटन बाइक व्यवस्थेत केबल आणि डिरेलरचं प्रमाण एकच आहे. केबल १ मिलिमीटर ओढली की डिरेलर साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. म्हणून ७ गिअरच्या शिफ्टरला ८ गिअरचा शिमानो डिरेलर बिनधास्त चालतो. दुकानात नेमका ७चा नसेल तर अडून बसू नका.

गडबड होते ती दुसरीकडे. स्रॅम कंपनीच्या जुन्या माउंटन बाइक व्यवस्थेत हेच प्रमाण साधारण १.१ आहे. सात चक्रांच्या सायकलवर दोन चक्रांमधलं अंतर ५ मिलिमीटर असतं. शिमानोचा शिफ्टर एका टकला जेमतेम २.९ मिलिमीटर केबल ओढतो. त्यावर स्रॅमचा डिरेलर लावला तर तो ३.२ मिलिमीटरच सरकेल. चेन मध्येच घुटमळत राहील आणि मेकॅनिकने कितीही सेटिंग केलं तरी गिअर नीट पडणार नाहीत.

शिमानोचेही सगळे भाग आपसांत जुळत नाहीत. १० गिअरच्या माउंटन बाइक डिरेलरचं प्रमाण वेगळं आहे. २०२३ मध्ये आलेली क्यूज ही नवी श्रेणीही जुन्या ७-८ गिअरच्या शिफ्टरसोबत चालत नाही. 'नवीन आणि वरचं मॉडेल आहे, घेऊन टाका' असं कुणी म्हटलं तर थांबा. मायक्रोशिफ्ट, सनरेस अशा तैवानी कंपन्यांचे ७-८ गिअरचे काही डिरेलर शिमानोशी जुळतात, पण खोक्यावर तसं लिहिलेलं आहे का ते वाचा.

सर्वात मोठ्या चक्राला दात किती?

हा आकडा बहुतेक जण बघत नाहीत. मागच्या सर्वात मोठ्या चक्राचे दात मोजा. स्वस्त माउंटन बाइकवर बहुधा २८ किंवा ३४ असतात. प्रत्येक डिरेलरला किती दातांपर्यंत चालेल याची मर्यादा असते. ३४ दातांच्या चक्राला २८ची मर्यादा असलेला डिरेलर लावला तर वरची पुली चक्राला घासते.

दुसरा आकडा क्षमतेचा, म्हणजे किती सैल चेन डिरेलर सामावून घेऊ शकतो. हिशेब असा: पुढच्या मोठ्या आणि लहान चक्राच्या दातांतला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चक्राच्या दातांतला फरक. समजा पुढे ४२ आणि २४, मागे ३४ आणि १४. तर १८ अधिक २०, म्हणजे ३८. डिरेलरची क्षमता ३८ किंवा जास्त हवी. पुढे तीन चक्रं असतील तर लांब पिंजऱ्याचाच डिरेलर घ्या.

मग कोणता घ्यायचा?

शिमानोच्या उतरंडीत सर्वात खाली टूर्नी, मग अल्टस, असेरा, अलिव्हिओ आणि त्यावर डिओरे. वर जाल तसं वजन कमी होतं, सांधे टिकाऊ होतात, गिअर हलका पडतो.

मागे ६ किंवा ७ चक्रं असतील तर टूर्नी टीवाय३०० पुरेसा आहे. मागे ८ असतील तर टूर्नी टीएक्स८०० किंवा अल्टस एम३१०. तिन्ही ३४ दातांपर्यंत चालतात आणि क्षमता ४३ आहे, म्हणजे वरचा हिशेब आरामात बसतो. दर दुकानागणिक बदलतात. टूर्नी साधारण हजाराच्या आत-बाहेर मिळतो, अल्टसला त्याहून जास्त मोजावे लागतात. हँगर काही शेकड्यांत येतो.

रोज ऑफिस किंवा कामावर जाणाऱ्याला टूर्नी चालतो. डोंगरातल्या खडकाळ वाटांवर नेहमी जात असाल तर थोडे जास्त पैसे अल्टसवर घालायला हरकत नाही. दहा-बारा हजारांच्या सायकलला त्याहून महाग डिरेलर लावून फार काही हाती लागत नाही. जुळणारा स्वस्त डिरेलर हा न जुळणाऱ्या महागड्यापेक्षा कधीही चांगला.

'पूर्ण सेट' खरंच बदलावा लागतो का?

मागचा डिरेलर तुटल्याने हँडलवरचा शिफ्टर सहसा खराब होत नाही. तो टक-टक नीट करत असेल तर राहू द्या. आतली केबल मात्र बदला, खर्च किरकोळ असतो आणि गंजलेल्या केबलवर नवा डिरेलरही अडखळतो.

चेन घरीच मोजता येते. पट्टी एका पिनच्या मध्यावर शून्यावर धरा. नव्या चेनची चोविसावी पुढची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन झिजली आहे. एक-अष्टमांश इंच गेली असेल तर मागची चक्रंही झिजलेली असण्याची शक्यता मोठी. अशा चक्रांवर नवी चेन जोर लावला की घसरते, तेव्हा मात्र दोन्ही बदलणं भाग आहे. माझी चेन ठीक होती, म्हणून खर्च वाचला.

बसवल्यावर हे एक नक्की करा

डिरेलरवर 'एच' आणि 'एल' असे दोन छोटे स्क्रू असतात. एच चेनला लहान चक्राबाहेर जाऊ देत नाही, एल मोठ्या चक्रापलीकडे आऱ्यांत जाऊ देत नाही. दुकानातून निघण्याआधी मागचं चाक उचलून धरायला सांगा. पेडल फिरवत सर्वात मोठ्या चक्रावर चेन न्या, मग फिरवणं थांबवून डिरेलर हाताने हळूच आऱ्यांकडे ढकला. तो आणखी आत जात असेल तर एल स्क्रू कसून घ्या. वाकड पुलाखालच्या गर्दीत मागचं चाक अचानक अडकणं म्हणजे मागून येणाऱ्या गाडीखाली जाण्याचा धोका. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे.

दुकानात जाताना जवळ ठेवा: जुना डिरेलर, जुना हँगर, मागच्या चक्रांची संख्या, मोठ्या चक्राचे दात आणि शिफ्टरवरच्या नावाचा फोटो. आणि सायकल पुन्हा कधी उजव्या अंगावर पडली, तर पुढे निघण्याआधी मागे बसून त्या दोन पुली सरळ आहेत का ते पाहा. मी पाहिलं असतं, तर फक्त हँगरवर भागलं असतं.