फुकेतला बीचवर नोकरी, 'व्हिसा तिथं गेल्यावर', या ऑफरमध्ये नेमकी गोम काय असते?

चाकण एमआयडीसीतलं निघोजे. निघोजे-म्हाळुंगे-खराबवाडीच्या शिवारात 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, महिंद्राचा प्लँटही इथलाच. त्यामुळे परदेशी साहेब दिसणं गावाला नवीन नाही. पण हे साहेब आधी येऊन मग नोकरी शोधत नाहीत. भारताचा एम्प्लॉयमेंट व्हिसा मिळायला इथल्या कंपनीची नेमणूक लागते आणि पगारही वर्षाला 16 लाख 25 हजारांच्या वर लागतो. (आपल्या देशाचं जेवण बनवणारे आचारी वगैरे मोजक्यांना यात सूट आहे.)

आता उलटा प्रवास बघा. कंत्राटी पोरांच्या मोबाईलवर रील येतं, फुकेतला बीचवरच्या हॉटेलात काम, राहणं-जेवण फ्री, व्हिसा तिथं गेल्यावर. गोम या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

थायलंडमध्ये फिरायला जाऊन काम करता येत नाही. आधी मालक, मग त्याच्या कागदांवर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, मग वर्क परमिट. त्यात एका परदेशी माणसामागे सहसा चार थाई कर्मचारी ठेवावे लागतात, म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या हॉटेलाला परदेशी वेटर परवडणार कसा? टुरिस्ट गाईड, केस कापणं, थाई मसाज ही कामं तर थाई लोकांसाठीच राखीव. विनापरमिट सापडलं तर 5 हजार ते 50 हजार बात दंड आणि घरी रवानगी.

आपल्याकडचा नियमही समजून घ्यायला हवा. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट 'ईसीआर' असतो. थायलंडसह 18 देशांत नोकरीला जाताना त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते, तिथं नोकरीचे कागद तपासले जातात. दहावी झालेल्यांना ही अट नाही. ऐकायला सोय वाटते, पण मग कारखान्यातल्या आयटीआयवाल्याचा करार सरकारी पातळीवर कुणी बघतच नाही. तो त्यानंच बघायचा.

न बघितल्यास काय होतं? नोकरीच्या आमिषानं नेऊन म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या 549 भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

एजंट खरा की खोटा, हे ई-मायग्रेट पोर्टलवर फुकटात कळतं. बेकायदा एजंटांची यादीही तिथंच असते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड लाख रोख मागणारा यातल्या कुठल्या यादीत असेल, ते पैसे देण्याआधी बघितलेलं बरं.