गायरानावरचे सौर पॅनल आणि ऊर्जा धोरणातील आपली रिकामी जागा

विहारातल्या अभ्यासिकेत करिअर मार्गदर्शनाला गेलो की आम्हाला ठरलेले प्रश्न येतात. एमपीएससीची जाहिरात कधी निघणार? पोलीस भरतीचे काय? ऊर्जा धोरणाचा तज्ज्ञ कसे व्हायचे, असे आजवर एकानेही विचारलेले नाही. वीज म्हणजे महावितरण आणि महावितरण म्हणजे वायरमन किंवा इंजिनिअर, इथेच आपली कल्पना थांबते. पण वीज कुठून आणायची, कोणत्या दराने द्यायची आणि कोणत्या जमिनीवर तयार करायची, याचा हिशेब मांडून सरकारपुढे ठेवणारी माणसे वेगळी असतात. त्यांच्या कामाबद्दल आज बोलू या.

बाबासाहेबांनी हे काम केले आहे

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याकडे कामगारांबरोबर विजेचा विषयही होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी मांडणी केली. विजेची मालकी सरकारची असावी की खासगी? कारभार केंद्राकडे असावा की प्रांतांकडे? स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत आणि गरिबीचे चक्र तुटणार नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. १९४३ च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याची जी योजना आखली गेली, तिलाही त्यांच्याच खात्याने आकार दिला.

बाबासाहेब अभियंता नव्हते. ते अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित होते. यंत्राचे काम त्यांनी अभियंत्यांवर सोपवले, पण वीज कोणासाठी हा प्रश्न स्वतः विचारला.

हे तज्ज्ञ नेमके काय करतात?

सरकारला सतत तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. आज वीज आणि इंधन पुरेल का? दहा वर्षांनी किती लागेल? आणि संकट आले तर काय?

आजचे उदाहरण घ्या. वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणे अवघड असते. जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते. हा तोल बिघडला की काय होते ते ३१ जुलै २०१२ ला देशाने पाहिले. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातल्या ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज एकाच दिवशी गेली. याच्या उलट ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे बंद करायचे आवाहन होते आणि तयारीला मिळाले जेमतेम दोन दिवस. मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली, तरी ग्रीड टिकले. मुख्यतः जलविद्युत केंद्रांचे उत्पादन झटपट कमी करून आणि नंतर वाढवून तोल सांभाळला गेला. त्यामागे असाच हिशेब होता.

सुरक्षेचे उदाहरण तेलाचे. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. म्हणून विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखाली ५३.३ लाख टन क्षमतेचे राखीव साठे केले आहेत. तेल कोणत्या देशाकडून घ्यायचे, ते कोणत्या समुद्रमार्गाने येते, तो मार्ग बंद पडला तर पर्याय कोणता, हे आधी मांडून ठेवणे हेच या लोकांचे काम.

मग आपला संबंध कुठे येतो?

राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गावाजवळ सौर प्रकल्प उभे करायचे, हा तिचा हेतू. हेतू चांगलाच आहे. खासगी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे. पण प्रकल्पासाठी सरकारी जमिनीही घेतल्या जातात, आणि त्यात गायरान येते.

गायरान म्हटले की आपल्याला दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवतो. मराठवाड्यात कितीतरी भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसून जगतात. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. फाइलमध्ये ती जमीन ‘सरकारी, उपलब्ध’ अशी एका ओळीत बसते. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला भाडे मिळते. जो नुसता कसतो, त्याचे काय, हे त्या ओळीत दिसत नाही.

असे प्रश्न आणखी आहेत. उज्ज्वला योजनेत किती जोडण्या दिल्या, हा आकडा सहज मिळतो. पण त्या घरात दुसरा, तिसरा सिलिंडर भरला गेला का? कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची जुनी औष्णिक वीजनिर्मिती उद्या कमी झाली, तर तिथल्या कंत्राटी कामगाराचे पुढे काय? हे विचारायला समाजशास्त्राचा, वस्तीत काम केलेला माणूस लागतो. मोर्चा काढून आपण हे प्रश्न रस्त्यावर मांडतो, ते गरजेचेच आहे. पण फाइल तयार होत असतानाच ते विचारले गेले, तर कदाचित मोर्चाची वेळच येणार नाही.

वाट कोणती?

अभियंत्यांसाठी यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे. तिथून केंद्रीय विद्युत प्राधिकरणात जाता येते. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र असेल तर भारतीय आर्थिक सेवा आणि सांख्यिकी सेवा. समाजशास्त्र, कायदा, सार्वजनिक धोरण शिकलेल्यांना नीती आयोग कंत्राटी तत्त्वावर ‘यंग प्रोफेशनल’ म्हणून घेतो. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्था ऊर्जेवर अभ्यास करतात. शिक्षणासाठी आयआयटी मुंबईचा ऊर्जा विभाग आहे, नागपुरात राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्था आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या पदांना आरक्षण आहे. पण सरकारसाठी अहवाल लिहिणाऱ्या खासगी सल्लागार कंपन्यांच्या नोकऱ्यांना ते नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये थेट भरतीची ४५ पदांची जाहिरात आरक्षणाच्या मुद्द्यावरून मागे घ्यावी लागली, हे आपण पाहिले. त्यामुळे आरक्षणासाठी भांडायचे आणि तयारीही करायची, दोन्ही एकदम.

पहिले पाऊल फार लहान आहे. वीज कायदा २००३ नुसार दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोग त्यासाठी जनसुनावणी घेतो. हरकत द्यायला पदवी लागत नाही. पुढची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली की पाच-सहा जणांनी अभ्यासिकेत बसून ती वाचा, आपल्या वस्तीतली बिले गोळा करा, एक हरकत लिहा आणि सुनावणीला उभे राहा. त्या एका दिवसात दर, अनुदान, आकार, तोटा हे सारे शब्द कळू लागतील. आणि तुमच्यातला एखादा तरी घरी परतताना म्हणेल, हेच काम मला करायचे आहे. त्याला किंवा तिला लागेल ती मदत करायला आम्ही तयार आहोत.

जय भीम!